फायनल मी दाबली!

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एकदा गोष्ट सुरू झाली की मध्ये कुणी फिदीफिदी करायचं नाही. कारण त्या दिवशी माझी जी तंतरली होती, ती अजून पुरती उतरलेली नाही. 

झालं काय, तर माझ्या हातून एक व्हिडिओ दाबला गेला.

बस्स. एवढंच. तुम्ही म्हणाल, यात घाबरण्यासारखं काय आहे? तेच तर सांगतोय.

माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढं आमचं गाव. तिथं एसटी स्टँडासमोरच्या गाळ्यात माझा फोटो स्टुडिओ. बारसं, जावळ, साखरपुडा, लग्न, गावात काहीही होवो, शूटिंगला सुभाष. म्हणजे सुभ्या. म्हणजे मी. शूटिंग काय, होऊन जातं. पण झालेलं शूटिंग ठेवायचं कुठं? कॉम्प्युटरची डिस्क कायम गळ्यापर्यंत भरलेली. नवी घ्यायला माझा जीव होत नाही. आमची बायको मंगल म्हणते, "आवं, कणगी भरली तर माणूस दुसरी आणतो. तुमी जोंधळा तुडवून तुडवून त्याच कणगीत बसवता!"

तर हे तुडवायचं एक यंत्रच मला सापडलं. सॉफ्टवेअर. तेही फुकटचं. एका बाजूनं अवाढव्य व्हिडिओ घालायचा, दुसऱ्या बाजूनं चिमुकला होऊन बाहेर! आमच्या धंद्यात याला 'व्हिडिओ दाबणं' म्हणतात. एका लग्नाच्या जागेत आख्खा लगीनसराईचा हंगाम मावायला लागला. मग काय, माझ्या हाताला चटकच लागली. दाबलेलं पुन्हा दाबलं. या फॉरमॅटमधनं त्या फॉरमॅटमध्ये, त्यातनं तिसऱ्यात. कॉम्प्युटरच्या छोट्या खिडकीत बघावं तर सगळं झकास. नवरी ओळखू येते ना? नवरदेव ओळखू येतो ना? मग झालं तर!

तक्रार कुणाची नाही. लग्नाचा व्हिडिओ घरी नेल्यावर पुन्हा बघतंय कोण?

पण बैलगाडीच्या शर्यतीचा व्हिडिओ लोक बघतात हो. डोळ्यांत तेल घालून बघतात. इथंच माझं चुकलं.

आमच्या यात्रेला शर्यतीचं मोठं मैदान भरतं. निकालाच्या रेषेवर झेंडा घेतलेला एक पंच असतो, पूर्वी तो म्हणेल तो नंबर. आता सगळ्यांना कॅमेरा लागतो. कमिटीचे प्रमुख हणमंत गुरुजी. शाळेतनं निवृत्त झाले, तरी गाव अजून त्यांच्या वर्गात बसल्यासारखं वागतं. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "सुभाष, रेषेवर तू. कॅमेरा हलता कामा नये आणि तूही हलता कामा नये."

"नाही हलणार गुरुजी," मी म्हणालो.

फायनलला दोनच गाड्या उरल्या, त्या अशा, की मला घामच फुटला. एक आमच्या गावच्या तात्यांची. त्यांचा वजीर बैल म्हणजे पंचक्रोशीत नाव. आणि तात्या कोण? तर माझ्या गाळ्याचे मालक. दुसरी गाडी कवठे महांकाळकडनं आलेली, पाखऱ्या बैलाची. तिचे मालक कोण? तर मंगलचे वडील. म्हणजे आमचे मामा. म्हणजे माझे सख्खे सासरे!

आता सांगा, जगात दुसरे बैल नव्हते?

गाड्या सुटल्या. लांबनं आधी नुसती धूळ दिसली. मग धुळीतनं शिंगं वर आली. मग आरोळ्या. पायाखालची जमीन अशी थरथरायला लागली की कॅमेऱ्याच्या तिकाटण्याचे पाय टकटक वाजायला लागले. चारी बैल पांढरेधोप खिलार, एका आईच्या पोटचे असावेत असे. दोन्ही जोड्या एकमेकींना चिकटून, कडाड्यानं आल्या आणि रेषेवरनं निघून गेल्या.

झेंडा पंचाच्या दोन्ही डोळ्यांत धूळ. तो डोळे चोळत म्हणाला, "मला काय बी दिसलं न्हाई."

आणि मी? मी रेषेवरच होतो. कॅमेरा चालू होता. सध्या एवढंच लक्षात ठेवा.

इकडं तात्यांच्या माणसांनी गुलाल उधळला, तिकडं मामांच्या माणसांनी. मग एकमेकांच्या अंगावर उधळायला लागले, आणि तो काही प्रेमानं नव्हता. गुरुजी माइकवरनं ओरडले, "शांतता! कॅमेऱ्यात सगळं आलेलं आहे. उद्या सकाळी शाळेच्या हॉलमध्ये, प्रोजेक्टरवर, सर्वांसमक्ष निकाल. तोवर कुणी कुणाला हात लावायचा नाही. सुभाष, व्हिडिओ जिवापाड सांभाळ!"

हजारभर माणसांनी एकदम माझ्याकडं बघितलं. तुमच्याकडं कधी हजार माणसांनी एकदम बघितलंय? बघू नये.

स्टुडिओत येऊन टेकतोय तोवर दारात तात्या.

"सुभ्या, ह्यो गाळा कुणाचा?"

"तुमचा, तात्या."

"वजीर कुणाचा?"

"तुमचाच."

"मग?" एवढं बोलून ते गेले.

घरी आलो तर अंगणात मामांची बैलजोडी बांधलेली. पाखऱ्यानं माझ्याकडं बघून फुर्रर्र केलं. ओसरीवर मामा निवांत पान लावत बसलेले.

"या जावईबापू! आमी तर सगळ्यास्नी सांगिटलं, आमच्या पावण्यानं शूटिंग केलंय म्हंजे इषय संपला. पाखऱ्याचं नाक पुढं हुतं का न्हवतं?"

मी नुसता हसलो. चूळ भरताना हसावं तसं.

स्वयंपाकघरात मंगल. "हे बगा, माझ्या बापाचा बैल हरला तर मी पुन्हा माहेरला तोंड दावायची न्हाई. जिंकला तर तात्या गाळा रिकामा करून घेतील. तुमी काय ते बगा!"

मी काय बघणार? बैलांनी बघायचं ते बघून झालं होतं!

पण मन कसं असतं बघा. भीती वाटायला लागली की माणूस आपल्या नेहमीच्या कामाला चिकटतो. कुणी जप करतं, कुणी अंगण झाडतं. मी परत स्टुडिओत गेलो आणि व्हिडिओ दाबायला बसलो. अहो, खरंच! कॉम्प्युटर म्हणाला, डिस्कवर जागा नाही. मग कॅमेऱ्याच्या कार्डावरनं थेट सॉफ्टवेअरमध्ये घातला आणि चिमुकला करून घेतला. सुरुवात लावून बघितली. लांबवर, सुटायच्या जागी बैल उभे आहेत, शेपट्या हलवताहेत. झकास! आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या आळीत जावळ होतं, म्हणून कार्ड पुसून मोकळं केलं. कार्ड एकच आहे माझ्याकडं. दुसरं घ्यायला जीव होत नाही हे मघाशी सांगितलंच.

सकाळी ते जावळ उरकलं. पोरगं न्हाव्याच्या वस्तऱ्याला भिऊन भोकाड पसरत होतं, मी त्याला हसलो. केवढं पाप! तेवढ्यात गुरुजींचा फोन. "सुभाष, शाळेचा लॅपटॉप जुना आहे. त्यावर तुझ्या व्हिडिओचा नवा प्रकार चालत नाही. जुन्या प्रकारात आण."

त्यात काय! दाबलेला व्हिडिओ पुन्हा एकदा जुन्या फॉरमॅटमध्ये घातला. तयार झाला. आता प्रोजेक्टरवर लागणार म्हणून जन्मात पहिल्यांदा तो पूर्ण पडदाभर लावून, शेवटपर्यंत बघितला.

आणि खुर्चीतनं उठून पडद्याला नाकच लावलं.

गाड्या सुटेपर्यंत सगळं ठीक. धूळ उठली आणि चित्र फुटलं. फुटलं म्हणजे कसं? रांगोळीवरनं मांजर नाचून जावं तसं. सगळे चौकोन चौकोन. बैल, धूळ, माणसं, झेंडा, सगळं एकाच पिठात कालवलेलं. रेषेजवळ येईपर्यंत चार बैलांचा मिळून एक लांबलचक पांढरा सुरवंट झाला होता. शिंगं मोजली. एकदा तीन भरली, एकदा सात. पाखऱ्याचं नाक? नाक सोडा हो, बैलाचं पुढचं टोक कुठलं आणि मागचं कुठलं तेच कळेना. आणि चुन्याची रेषा त्या सुरवंटाच्या पोटात गडप!

माझ्या कानात ढोल वाजायला लागला. तो ढोल नव्हता, माझंच काळीज होतं.

सांगलीला माझा मित्र आहे, भरत. आमच्यासारख्या शूटिंगवाल्यांची एडिटिंगची कामं करतो. त्याला फोन लावला. गाळ्यात रेंज यथातथाच, म्हणून दारात उभा राहून ओरडायला लागलो.

"भरत, मेलो रे! फायनलचा व्हिडिओ मी दाबलाय!"

"काय केलंयस?"

"दाबलाय! दाबलाय! फायनल दाबली मी!"

शेजारी सलून आहे. आतल्या कात्रीचा आवाज बंद पडला. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

"आन् ओरिजनल?" भरतनं विचारलं.

"पुसला."

"मग कार्डावरनं परत काडता येतोय की. त्याच्यावर दुसरं काय शूट केलं न्हाईस न्हवं?"

"जावळ केलं."

मग भरत म्हणाला, "सुभ्या, नीट ऐक. दाबताना ते सॉफ्टवेअर बारीकसारीक सगळं फेकून देतंय. उभा बैल त्येला सोपा. धूळ आन् पळापळ आली की त्येला झेपत न्हाई, मग ते ठोकळे मांडतंय. तू दाबलेलं परत दाबलास, म्हंजे उरलंसुरलं बी फेकलंस. फेकलेलं परत येत नसतंय गड्या."

"मोठा करून बघू का? लहानाचा पुन्हा मोठा?"

"बग की," तो म्हणाला. त्याच्या आवाजात दया होती. मला ती तेव्हा कळली नाही.

मी शटर अर्धं ओढलं आणि व्हिडिओ मोठा करायला घातला. अहो, फाइल फुगली! टम्म फुगली! डिस्कवर जागा करायला मी दोन बारशी उडवली. आनंदानं उघडून बघतो, तर तोच सुरवंट. फक्त आता तो खूप जागा अडवून बसला होता.

परत भरतला फोन. तो म्हणाला, "ताकात घागरभर पाणी ओतलंस तर ताक वाढंल. लोणी कुठनं वाढंल रं?"

इकडं माझं ताक-लोणी चाललेलं, तिकडं सलूनमधनं अर्ध्या दाढीची माणसं गावभर गेली होती. आणि बातमी काय? तर, 'सुभ्यानं फायनल दाबली!' पोलीस केस दाबतात, भानगड दाबतात, तशी दाबली! तात्यांच्या आळीत पोचेपर्यंत झालं, 'सासऱ्यानं दाबाय लावली.' आमच्या घराकडं पोचेपर्यंत झालं, 'तात्यानं दाबाय लावली.'

मला यातलं काही ठाऊक नाही. मी आपला खुर्चीवर बसून सुरवंटाचे पाय मोजतोय. तेवढ्यात शटर धाडकन वर गेलं. दारात तात्या. त्यांच्या मागं मामा. दोघांच्या मागं त्यांची त्यांची माणसं. उजेडच बंद झाला.

"सुभ्या," तात्या हळू आवाजात म्हणाले. तात्या ओरडले तर माणूस भितो, पण हळू बोलले तर माणूस देवाचं नाव घेतो. "खरं सांग. दाबलास का न्हाई?"

यांना कसं कळलं? "दाबला, तात्या. पण वाईट हेतूनं नाही! मी सगळंच दाबतो."

"सगळंच?"

"म्हणजे... सगळ्यांचंच. तुमच्या सुमनचं लग्नसुद्धा मी दाबलंय."

तात्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. बघण्यासारखा म्हणजे, मी बघू शकलो नाही.

"आमच्या सुमनचं लगीन दाबलंस? आरं, चारचौघांत, मांडव घालून लावलं आमी! त्यात दाबण्यासारखं काय हुतं रं?"

"तसं नाही तात्या..."

मामा पुढं सरकले. "पावणं, तुमी भिऊ नगा. नाव सांगा फकस्त. कुणी दाबाय लावलं?"

"कुणी नाही हो मामा! जागेचा प्रश्न होता."

हे बोललो मात्र! मामांनी गर्रकन मागं वळून आपल्या माणसांना सांगितलं, "ऐकलं न्हवं? जागेचा! मी म्हनलंच हुतं, गाळ्याच्या जागेपायी जावई फिरला!"

"माझ्या जागेचं नाव घ्यायचं न्हाई!" तात्या गरजले.

"त्योच घेतोय, मी कशाला घेऊ?"

मी म्हणतोय, "अहो, जागा म्हणजे डिस्कमधली!" पण ऐकतो कोण? कुणीतरी म्हणालं, "धरा त्याला." कुणी आणि का धरायचं यावर दोन्ही बाजूंचं एकमत नव्हतं म्हणून वाचलो. तेवढ्यात गुरुजींचा निरोप आला, हॉल भरलाय, सुभाषला घेऊन या.

घेऊन या! आणि नेलं हो मला. एक बखोट तात्यांच्या माणसानं धरलेलं, दुसरं मामांच्या. पाय जमिनीला लागत होते का नव्हते, आठवत नाही. वाटेत आमच्या घराच्या दारात मंगल उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला होता. रडत होती का हसत होती ते आजतागायत तिनं सांगितलेलं नाही.

शाळेच्या हॉलला पडदे नाहीत, म्हणून उजेड अडवायला खिडक्यांना घोंगडी टांगली होती. आत काळोख, उकाडा आणि घोंगड्यांचा मेंढरी वास. मागं कुणीतरी दाराला कडी घातली. त्या कडीचा आवाज अजून माझ्या कानात आहे. मला वाटलं, सुभ्या, आता इथनं तुझा फोटोच बाहेर जाणार. हार घातलेला.

"लाव," गुरुजी म्हणाले.

लावला. बैल उभे. शेपट्या हलल्या. लोक पुढं वाकले. गाड्या सुटल्या, धूळ उठली... आणि भिंतीवर, दोन पुरुष उंचीचा, सुरवंट अवतरला. वळवळत रेषेपर्यंत आला, फुटला, आणि संपला.

मग एकजण म्हणाला, "वजीरच पुढं हाय की! त्यो बगा पांढरा ठोकळा."

"त्यो ठोकळा पाखऱ्याचा हाय!"

"आरं, ठोकळा कुणाचा ह्ये कसं वळाकलंस?"

"चालीवरनं!"

झालं! बाकं सरकली. माणसं उभी राहिली. कुणीतरी अंधारात माझी कॉलर शोधत होतं आणि चुकून दुसऱ्याची धरत होतं. मी टेबलावर चढलो. शौर्यानं नव्हे, खाली राहायची हिंमत नव्हती म्हणून. आणि जिवाच्या आकांतानं ओरडलो,

"दाबला म्हणजे लपवला नाही हो! दाबला म्हणजे बारीक केला! तुमच्या मोबाइलवर नाही का, एक व्हिडिओ ह्यानं त्याला, त्यानं ह्याला असा फिरत फिरत आला की धुरकट होतो? तसा! प्रत्येक वेळी मोबाइल तो दाबून पाठवतो. चांगला हवा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, मग तो दाबला जात नाही. मी मूर्खानं दाबला, परत दाबला, आणि मूळचा पुसला! यात तात्या नाहीत, मामा नाहीत. मी एकटाच गाढव आहे!"

शेवटचं वाक्य सगळ्यांना पटलं. आवाज जरा कमी झाला.

"म्हंजे दाबला म्हंजे चेपला व्हय?" मागनं कुणीतरी विचारलं.

"व्हय व्हय! चेपला!"

तात्या आणि मामांनी एकमेकांकडं बघितलं. पण गुरुजी कसले सोडतात! चष्मा पुसत म्हणाले, "ठीक. कॅमेऱ्याचं झालं ते झालं. पण तू रेषेवर उभा होतास. तुझ्याइतकं जवळ कुणीच नव्हतं. ग्रामदैवताला स्मरून सांग, तुझ्या डोळ्यांनी तू काय पाहिलंस?"

मंडळी, ज्या प्रश्नाला मी आदल्या दिवसापासून भीत होतो, तो हाच.

"धूळ होती गुरुजी," मी म्हणालो.

"धुळीच्या आधी?"

"आधी... आधीसुद्धा धूळच..."

तेवढ्यात मागच्या बाकावरनं दिनूचा आवाज आला. दिनू म्हणजे माझा चुलतभाऊ. मुंबईला माथाडीत आहे, यात्रेला आला होता. "आवं गुरुजी, माझ्या मोबाइलात हाय की! मी सुभ्याच्या मागंच हुतो, रेषेच्या समोर. मला वाटलं कमिटीचा कॅमेरा असताना आमच्या मोबाइलला कोण इचारतंय?"

हॉलमध्ये असा काही सुस्कारा सुटला की घोंगडी हलली. तात्या म्हणाले, "लाव गड्या!" मामा म्हणाले, "लावा, लावा!" आणि मी? मी टेबलावरनं उतरून दाराकडं सरकायला लागलो. पण कडी घातलेली होती.

दिनूचा मोबाइल नवाकोरा. व्हिडिओ भिंतीवर आला आणि लोकांनी 'आहाऽऽ' केलं. काय तो स्वच्छपणा! रेषेवरचा चुना दिसतोय. धुळीचासुद्धा एकेक कण सुटा सुटा. लांबनं बैल येताहेत. वजीरच्या शिंगाला बांधलेला गोंडा दिसतोय, पाखऱ्याच्या तोंडाचा फेस दिसतोय. पुढं कॅमेऱ्यापाशी मी पाठमोरा उभा. बैल जवळ आले. आणखी जवळ. नाकाला नाक! रेषा आता हातभर राहिली...

आणि मी कॅमेरा टाकून मागं फिरलो.

सुसाट! थेट दिनूच्या मोबाइलकडं! आख्ख्या भिंतीवर फक्त माझं तोंड. डोळे घट्ट मिटलेले, जबडा उघडा, आणि शाळेच्या स्पीकरमधनं माझा आवाज, "आई गंऽऽ! मेलोऽऽ! मंगलऽऽ! धर गं मलाऽऽ!" दाढेत भरलेली चांदीसुद्धा लखलखत होती. माझ्या डाव्या कानाच्या मागनं एक शिंग गेलं, उजव्या कानाच्या मागनं एक शेपूट. मी बाजूला झालो तोवर रेषा मोकळी, बैल पार पलीकडं, आणि झेंडा पंच डोळे चोळतोय.

शर्यतीचा निकाल माझ्या तोंडाआड लागला होता.

गुरुजींनी आणखी एकदा लावायला सांगितलं. निकालासाठी म्हणाले. मग आणखी एकदा. त्यात निकालाचा काही संबंध नव्हता हे मी शपथेवर सांगतो, कारण गुरुजींचे खांदे हलत होते.

पहिले मामा हसले. पोट धरून, बाकावर आडवे पडून. मग तात्या. तात्या हसताना मी पहिल्यांदाच बघितले. हसताना ते रडल्यासारखे दिसतात. मग हॉल फुटला. काल एकमेकांच्या छाताडावर बसायला निघालेले लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. मामा तात्यांना म्हणत होते, "बगा वो, आमच्या लेकीला असल्याच्या गळ्यात बांधलंय आमी!"

गुरुजींनी निकाल दिला. पहिला नंबर विभागून. बक्षिसाची गदा सहा महिने आमच्या गावात, सहा महिने कवठे महांकाळकडं. दोन्ही बाजूंनी मान्य. गुलाल उधळला, आणि या वेळी तो प्रेमाचा होता. माझी सुटका मात्र अजून झाली नव्हती, कारण जाता जाता तात्यांनी खांद्यावर हात टाकला.

"गाळा ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. पर सुमनच्या लग्नाचं काय झालंय ते एकदा दाव."

काय दाखवू? मंगलाष्टकं संपून अक्षता पडायला लागल्या की पुढं कोण कुणाला हार घालतंय ते देवालाच ठाऊक. चौकोनानं चौकोनाला वरलंय! दिवाळीला सुमन माहेरी येणार आहे. तोवर मी काहीतरी आजारपण शोधतोय.

आणि दिनूच्या त्या व्हिडिओचं म्हणाल, तर पहिल्याच दिवशी तो गावातल्या सगळ्या ग्रुपवर गेला. मी म्हटलं, जाऊ दे. फिरत फिरत धुरकट होईल. महिन्याभरात माझाही सुरवंट होईल, कोण ओळखतंय? पण लोक शिकलेत हो! टेबलावर उभा राहून मीच शिकवलं ना! जो तो म्हणतोय, 'डॉक्युमेंट करून पाठव.' माणमधनं कवठे महांकाळला गेला, तिथनं सांगलीला, तिथनं कुठं कुठं, एक कणही कमी न होता.

परवा खंडाळ्याला एका लग्नाच्या ऑर्डरीला गेलो होतो. नवं गाव, नवी माणसं. कुणी ओळखीचं नाही, म्हणून मी जरा निवांत. कॅमेरा लावतोय, तर नवरीचे वडील जवळ आले. माझ्याकडं निरखून बघितलं. म्हणाले, "जरा डोळे मिटा बरं."

मी मिटले.

"आता आ करा."

केला.

"व्हय, त्योच!" त्यांनी मांडवाकडं तोंड करून हाळी दिली. मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "वळाकलं कसं म्हंता? आवं, क्वालिटी लय भारी हाय त्या व्हिडिओची. तशीच क्वालिटी आमच्या लग्नाला येऊ द्या. फकस्त शूटिंग दुसऱ्या कुणाकडनं तरी करून घ्या!"